हातचा राहिला

एका जंगलात एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं तुम्ही विचाराल. जंगलातल्या मुलांनीही तेच विचारलं होतं. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तुम्हालाही मिळणार नाही. हाताची घडी घाला आणि ऐका.

शाळेचं नाव श्री वनराज विद्यामंदिर. वनराज स्वतः कधी शाळेत गेला नव्हता, पण देणगीदारांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. मुख्याध्यापक होते पिसारे सर. ते जातीचे मोर. पावसाळ्यात नाचण्यामुळे त्यांना शाळेकडे बघायला वेळ नसे आणि बाकीचे आठ महिने ते पावसाळ्याची तयारी करत.

तर या शाळेत दर वर्षी मुलं एक रोबो बनवायची. माणसं रोबोला यंत्रमानव म्हणतात. जंगलात मानव नसल्यामुळे परिपत्रकात 'यंत्रप्राणी' असं लिहून येई. बोलताना मात्र सगळे रोबोच म्हणत.

रोबोचं अंग बांबूचं. चाकं बाभळीच्या लाकडाची. पोटात काजव्यांची पेटी. काजवे पेटले की रोबो चाले, काजवे दमले की थांबे. उजव्या बाजूला एक लांब हात आणि हाताला तीन बोटं. पिसारे सरांनी त्याचं नाव 'विजयरथ' ठेवलं होतं. मुलं त्याला डुलत्या म्हणायची, कारण तो चालताना डुलायचा.

हिवाळा लागला की स्पर्धांचा हंगाम सुरू होई. मैदानात दोन शाळांचे दोन रोबो समोरासमोर येत. दोघांच्या पुढ्यात आवळ्यांचा ढीग. रोबोने ढिगातले आवळे उचलायचे आणि टोपलीत टाकायचे. जमिनीवरच्या टोपलीत आवळा पडला तर दोन गुण. झाडावर उंच बांधलेल्या टोपलीत पडला तर पाच गुण. शेवटी एखाद्या रोबोने फांदीला धरून लोंबकळून दाखवलं, तर एकदम वीस गुण.

आणि वेळ किती? तर एक पोपट एकपासून शंभरपर्यंत आकडे मोजेल तेवढा. पोपट सरकारी होता. त्याला कुणी घाई करू शकत नसे.

तीन मेळावे व्हायचे. त्यातले दोन जिंकले, तर महामेळाव्यात जायला मिळायचं. श्री वनराज विद्यामंदिर आजवर महामेळाव्यात गेलं होतं, पण प्रेक्षक म्हणून.

आता आपल्या गोष्टीतली साळू. साळू म्हणजे साळिंदर. नववीत होती. तिला रोबोचं भारी वेड. शाळा सुटली की ती धावत कार्यशाळेत जायची. कापलेल्या बांबूचा वास, लाखेचा वास, पेटीतल्या काजव्यांची कुजबुज, यातलं काहीही तिला घरी मिळत नसे. जगात तिला हवं होतं ते सगळं त्या एका खोलीत होतं.

पण बाळांनो, साळिंदराच्या अंगावर काटे असतात. पहिल्याच आठवड्यात साळू पट्टा घट्ट करायला वाकली आणि पट्टा फाटला. दुसऱ्या आठवड्यात तिने पेटी उचलली आणि पेटीला चार भोकं पडली. काजवे पळाले ते तीन दिवसांनी सापडले, तेही एका लग्नात.

तेव्हा कार्यशाळेचे गवेमास्तर तिला म्हणाले, "साळू बाळ, तू रोबोपासून पाच हात लांब राहा."

गवेमास्तर गवा होते. शरीराने थोरले आणि बोलायला थोडे. बहुतेक प्रश्नांना ते "हं" एवढंच उत्तर देत, आणि निम्म्या वेळा ते बरोबर निघे.

"मग मी करू काय, मास्तर?"

"मोज."

"काय मोजू?"

"हं," मास्तर म्हणाले.

पिसारे सरांना हे पटलं नाही. संघात सातच जण घेता येत. सातवी जागा नुसत्या मोजणीला कशाला वाया घालवायची, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी साळूला बोलावून सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत राहा. महामेळावा जिंकला, तर तुझी जागा तुला. नाही जिंकला, तर पुढच्या वर्षीपासून तू रांगोळी पथकात."

रांगोळी पथक वाईट होतं असं नाही. पण साळूला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिल्या मेळाव्याला साळू पाच हात लांब बसली. अंगावरचा एक काटा काढला, पळसाचं पान मांडीवर घेतलं आणि मोजू लागली. साळिंदराचं हे एक बरं असतं. लेखणी विसरली, असं होत नाही.

रोबो चालवायचा मंगू. तो मुंगूस होता, चपळ होता आणि आपण चपळ आहोत हे त्याला ठाऊक होतं. मंगू खालच्या टोपलीकडे बघायचासुद्धा नाही. आवळे उचलायचे, नेम धरायचा आणि उंच टोपलीत फेकायचे. आवळा आत गेला की प्रेक्षक शेपट्या हलवत. गेला नाही की म्हणत, "अरेरे, थोडक्यात हुकलं." शेवटी मंगूने डुलत्याला फांदीला लटकवला. डुलत्या खाली आपटला. प्रेक्षकांनी त्यालाही शेपट्या हलवल्या. सामना हरला.

पिसारे सर म्हणाले, "हरलो, पण शानदार हरलो."

साळूचं पान भरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते मास्तरांपुढे ठेवलं.

"मास्तर, उंच टोपलीला एका फेरीत तीन आवळे नेतो. नेम धरण्यात पोपटाचे वीस आकडे जातात. तीनातला एक आत पडतो. म्हणजे वीस आकड्यांत पाच गुण. शंभरात पंचवीस."

"हं."

"खालच्या टोपलीला नेम धरावा लागत नाही. दहा आकड्यांत एक फेरी होते. तिन्ही आवळे आत. सहा गुण. शंभरात साठ."

मास्तरांनी रवंथ थांबवलं. "आणि लोंबकळणं?"

"त्यात तीस आकडे जातात. मागच्या वर्षीपासून चार वेळा केलं, एकदा जमलं. म्हणजे सरासरी पाच गुण. त्याच तीस आकड्यांत खालच्या टोपलीचे अठरा होतात."

मंगू दारात उभा राहून ऐकत होता. त्याची शेपटी फुलली. "अगं साळू, खाली टाकायला रोबो कशाला पाहिजे? माझी आजीसुद्धा टाकेल. तिला दिसत नाही, तरी टाकेल."

"मग आजीला साठ गुण मिळतील," साळू म्हणाली. "तुला पंचवीस."

मंगू शेपटी आपटत निघून गेला. पण त्याच संध्याकाळी, मैदानात कुणी नाही असं बघून, त्याने दोन्ही प्रकार करून पाहिले. साळू करवंदीच्या जाळीमागून मोजत होती. वरचे पंचवीस झाले. खालचे अठ्ठावन्न झाले. मंगूने डुलत्याला एक लाथ घातली आणि मग स्वतःच त्याचं चाक पुसून दिलं.

दुसऱ्या मेळाव्यात डुलत्याने फक्त खालच्या टोपलीत आवळे टाकले. उचल, चाल, टाक. उचल, चाल, टाक. असा सामना जंगलाने कधी पाहिला नव्हता. निम्मे प्रेक्षक झोपले. हत्तींनी तर चहा मागवला. पण संघ जिंकला.

तिसऱ्या मेळाव्यात तर साळूला आणखी एक शोध लागला. पोपट मोजताना 'एकोणऐंशी'ला अडखळतो. एकोणसाठ, एकोणसत्तर तो सरळ म्हणतो, पण एकोणऐंशी आलं की त्याची जीभ वळते, तो मान हलवतो, पुन्हा सुरुवात करतो. तिथे दोन-अडीच आकड्यांचा वेळ फुकट मिळतो. साळूने मंगूला सांगून ठेवलं, की अवघड आवळा असेल तो एकोणऐंशीसाठी राखून ठेव. तिसरा मेळावाही जिंकला.

आता शाळेत काय झालं ते सांगतो. एखाद्या घरात आंबा चांगला निघाला, की घरची सगळी माणसं आंब्यातली जाणकार होतात. तसंच झालं. शाळेला गणिताची बाधा झाली.

पिसारे सरांनी 'गणित व विश्लेषण कक्ष' उघडला. दारावर पाटी लावली. कक्षात बारा कावळे नेमले. कावळे नदीकाठच्या शाळेवर पाळत ठेवायचे, कारण महामेळाव्यात तिच्याशी गाठ होती. ती पाणमांजरांची शाळा. पाणमांजरं हातांची मोठी कुशल, आणि त्यांचा रोबो पाण्यासारखा चाले.

कावळे रोज माहिती आणत. "पाणमांजरांच्या कप्तानाला आज सात वेळा शिंक आली." "त्यांच्या मास्तरांनी दोनदा डावा कान खाजवला." साळू विचारायची, "आवळे किती टाकले?" कावळे एकमेकांकडे बघत. आवळे मोजायचं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी साळूच नदीकाठी जाऊन त्यांचा सराव बघून आली.

मग आलेख आला. साळूने एक साधा आलेख काढला होता. मंगूचे किती आवळे खाली सांडतात, त्याचा. सांडणं महिन्याभरात कमी झालं होतं, म्हणून रेघ खाली उतरत होती.

पिसारे सरांनी मान तिरकी करून पाहिलं. "रेघ खाली का जाते?"

"सर, सांडणं कमी होतंय. चांगलं आहे ते."

"चांगलं असेल तर वर गेली पाहिजे. पालक येणार आहेत." त्यांनी आलेख उलटा टांगला. रेघ वर गेली. अक्षरं उलटी झाली, पण पालकांनी अक्षरं कुठे वाचायची असतात.

निमंत्रणांचंही तसंच. शाळेचं नाव झाल्यावर प्रदर्शनी सामन्यांची बोलावणी येऊ लागली. हार, श्रीफळ, फोटो. पिसारे सरांनी सगळी स्वीकारली. साळू पान घेऊन त्यांच्याकडे गेली.

"सर, चाकांची जोडी बारा सामने टिकते. तीन मेळावे झाले. एक महामेळावा राहिला. मधे आठ सामने बसतात. आपण अकरा स्वीकारलेत."

"मग तीन सामने चाकांशिवाय खेळू," सर म्हणाले.

गवेमास्तर तिथे आले नसते, तर खेळलेही असते. मास्तर दारात उभे राहिले, त्यामुळे खोलीत अंधार झाला, आणि "हं" म्हणाले. तीन सामन्यांना नकार कळवला गेला. चाकं वाचली.

साळूला आता सगळे ओळखू लागले होते. ससे तिला वाटेत थांबवून विचारायचे, "साळूताई, आज पाऊस पडेल का? टक्क्यांत सांगा." आणि खरं सांगायचं तर तिला हे आवडत होतं. तीही "पावणेएकोणनव्वद टक्के" असं काहीतरी सांगायची. मोठा आकडा सांगितला की लोक फक्त मान हलवतात. पावणे लावून सांगितला की आभार मानतात.

महामेळाव्याचा दिवस उजाडला. मैदान फुलून गेलं होतं. पंच म्हणून एक म्हातारी घोरपड होती. पोपट घसा खाकरत होता. वनराज स्वतः येणार होते, पण आदल्या दिवशी त्यांनी जेवण जरा जास्त केल्यामुळे त्यांचा संदेश वाचून दाखवण्यात आला.

साळू पळसाचं पान घेऊन बसली. शेवटची बेरीज करायची राहिली होती. पाणमांजरांकडे दोन हातांचा रोबो होता. तिने त्यांचा सराव पाच वेळा पाहिला होता. डाव्या हाताने ते सरासरी छत्तीस गुण करत, उजव्या हाताने सव्वीस. दोन्ही मिळून किती, त्यावर आजची सगळी योजना ठरणार होती.

तिने छत्तीस मांडले. खाली सव्वीस मांडले. रेघ ओढली. पुटपुटू लागली, "सहा आणि सहा बारा. बाराचे दोन मांडले. हातचा..."

"साळू," मागून पिसारे सर आले, "त्या फलकावरच्या आलेखात मोरपंखी रंग कमी वाटतो. जरा वाढव. आणि विजयाची शक्यता शंभर टक्के लिही. सारखं ऐंशी-पंच्याऐंशी काय लावलंय? चांगलं दिसत नाही."

"हो सर," साळू म्हणाली. सर गेले. तिने पानाकडे पाहिलं. दोन मांडलेले होते. तीन आणि दोन पाच. उत्तर बावन्न.

झालं. मुलांनो, तुमच्या लक्षात आलं असेल. आलं नसेल, तर आईला विचारा.

साळूने योजना आखली. पाणमांजरांचे बावन्न होणार. डुलत्या एका फेरीत सहा गुण करतो. नऊ फेऱ्यांत चोपन्न. नऊ फेऱ्या पुरे. दहाव्या फेरीला काजवे दमलेले असतात, डुलत्या फार डुलतो आणि कुठेतरी आपटतो. उगाच धोका कशाला?

तिने मंगूला बजावलं. "नऊ फेऱ्या कर. मग डुलत्याला बाजूच्या झाडाच्या सावलीत नेऊन उभा कर, आणि काही करू नको."

"काहीच नको?"

"काहीच नको. दोन गुणांनी जिंकू."

मंगूने मुकाट्याने मान डोलावली. गणितावर आता त्याची श्रद्धा बसली होती, आणि श्रद्धा बसली की डोकं चालवायचे कष्ट वाचतात.

घोरपडीने जीभ बाहेर काढली. पोपट म्हणाला, "एक."

उचल, चाल, टाक. डुलत्या घड्याळासारखा चालला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. पलीकडे पाणमांजरांचा रोबो दोन्ही हातांनी आवळे उडवत होता. साळू त्याच्याकडे बघतही नव्हती. तिला त्याचं उत्तर माहीत होतं. एकोणऐंशीला पोपट अडखळला, डुलत्याने तेवढ्यात एक गडगडलेला आवळा परत मिळवला, आणि साळू गालात हसली.

"शहाऐंशी," पोपट म्हणाला.

साळूने सहज गुणफलक पाहिला. पाणमांजरांचे चोपन्न झाले होते.

तिने डोळे चोळले. चोपन्नच होते. बावन्नाच्या पुढे गेलेच कसे? तिने मांडीवरचं पान सरळ केलं. छत्तीस. सव्वीस. सहा आणि सहा बारा. बाराचे दोन. हातचा एक. तीन आणि दोन पाच आणि हातचा एक, सहा.

बासष्ट.

साळूच्या अंगावरचा प्रत्येक काटा उभा राहिला. शेजारी बसलेला ससा ओरडून उठला.

मैदानात डुलत्या नववी फेरी संपवत होता. मंगूने त्याला वळवलं आणि ठरल्याप्रमाणे सावलीकडे नेलं. ती सावली उंच टोपलीच्या झाडाची होती. तिथे तो डुलत्याला उभा करून स्वतः शेपटीवर बसला. दहा आकडे शिल्लक होते आणि आपला संघ सावलीत विश्रांती घेत होता.

आता साळूपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसावं. हरलो, तर चूक कुणाची हे कुणाला कळणार नव्हतं. पान चुरगळून टाकता आलं असतं, पोपटावर ढकलता आलं असतं. नाहीतर ओरडून सांगावं. मग अख्ख्या जंगलाला कळणार, की शाळेच्या विश्लेषण कक्षाला तिसरीतली बेरीज येत नाही. मग कार्यशाळा संपली. बांबूचा वास संपला. आयुष्यभर रांगोळी.

तिला रडू आलं. पण मैदानात मंगू तिच्यावर विसंबून स्वस्थ बसला होता, आणि ते तिला बघवेना.

"त्र्याण्णव," पोपट म्हणाला.

साळू उठून उभी राहिली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "मंगू, हातचा राहिला!"

सगळं मैदान तिच्याकडे वळलं. मंगूही वळला. हातचा राहिला? त्याने डुलत्याच्या हाताकडे पाहिलं.

हातात एक आवळा राहिला होता. बोटांना बाभळीचा डिंक लावलेला असे, त्यात तो अडकून बसला होता. नवव्या फेरीचे तीनातले दोनच टोपलीत पडले होते. ते मंगूने पाहिलं नव्हतं, साळूने पाहिलं नव्हतं, बारा कावळ्यांनीही पाहिलं नव्हतं. फलकावर चोपन्नच्या जागी बावन्न होते.

"पंच्याण्णव."

खालची टोपली लांब होती. तिथवर जाऊन टाकायला वेळ नव्हता. मंगूने वर पाहिलं. डोक्यावर उंच टोपली होती. बिचारा दोन महिने तिच्याकडे न बघता जगला होता.

"सत्त्याण्णव."

मंगूने कळ ओढली. डुलत्याचा हात मागे गेला, पुढे आला. डिंक ताणला गेला आणि सुटला. आवळा वर गेला. तीनातला एक आत जातो, असं साळूनेच लिहून ठेवलं होतं. तो तीनातला एक होता.

"शंभर," पोपट म्हणाला आणि त्याने पाणी मागितलं.

घोरपडीने फलक लावला. वनराज विद्यामंदिर सत्तावन्न. नदीकाठची शाळा छप्पन्न. पाणमांजरांचा रोबो शेवटच्या फेरीत स्वतःच्याच टोपलीला धडकला होता. त्यामुळे त्यांचे ना बावन्न झाले, ना बासष्ट.

पुढचा गोंधळ काय वर्णावा. हत्तींनी सोंडा उंचावल्या. मंगू साळूला मिठी मारायला धावला आणि वेळेवर थांबला. पिसारे सरांनी पिसारा फुलवला, त्यामुळे मागच्या चार रांगांना बक्षीस समारंभ दिसला नाही.

"बंधुभगिनींनो," सर म्हणाले, "आमच्या विश्लेषण कक्षाची झेप बघा. शंभर आकड्यांच्या सामन्यात, हातात राहिलेला एक आवळासुद्धा आमच्या हिशेबातून सुटला नाही. तुम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलंत. हातचा राहिला, असं आमची विद्यार्थिनी म्हणाली."

टाळ्या थांबेपर्यंत साळू थांबली. मग ती सरांजवळ गेली. "सर, मी आवळ्याबद्दल बोलत नव्हते. माझ्या बेरजेतला हातचा राहिला होता. पाणमांजरांचे मी बावन्न धरले. खरे बासष्ट."

"बासष्ट?" सरांनी फलकाकडे मान वळवली. "पण झाले छप्पन्न. बावन्न आणि छप्पन्न यांत फरक चारचा. बासष्ट आणि छप्पन्न यांत सहाचा. म्हणजे बावन्नच जास्त बरोबर."

"पण सर, छत्तीस आणि सव्वीस..."

"नम्रता," सर मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "खऱ्या विद्वानाचं लक्षण."

साळू गवेमास्तरांना शोधत गेली. ते डुलत्याच्या बोटांचा डिंक खरवडत बसले होते.

"मास्तर, माझी बेरीज चुकली होती."

"पाहिलं मी ते पान. सकाळी."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मला वाटलं, नवी पद्धत असेल."

साळू त्यांच्याजवळ बसली. तिने बोटांवर पुन्हा सगळा हिशेब मांडला. मग म्हणाली, "मास्तर, हातचा धरला असता तर मला बासष्ट कळले असते. आपले दहा फेऱ्यांचे साठच. मग मी घाबरून मंगूला लोंबकळायला सांगितलं असतं. सात फेऱ्यांचे बेचाळीस, वर लोंबकळण्याचे वीस, म्हणजे निदान बरोबरी, असं बघून. आणि डुलत्या आपटला असता. चारात तीनदा आपटतोच. म्हणजे बरोबर बेरीज केली असती, तर बहुतेक हरलो असतो."

"हं," मास्तर म्हणाले. या वेळी ते बरोबर होतं की नाही, ते साळूला ठरवता आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या संघाची यादी लागली. पहिलंच नाव साळूचं. पाच हात लांब बसण्यासाठी तिला कार्यशाळेत स्वतंत्र खुर्ची मिळाली. बांबूचा वास तिथवर येत होता. साळू सुखी झाली, आणि ते खोटं नाही.

पण पिसारे सर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी 'हातचा-राखीव पद्धत' नावाची पुस्तिका काढली. बेरीज करताना हातचा मिळवायचा नाही, तो राहू द्यायचा. शेवटच्या क्षणी तोच विजय मिळवून देतो. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक रेघ वर चाललेली होती. ठिकठिकाणच्या शाळा ही पद्धत शिकायला आल्या. नदीकाठची शाळा तर सगळ्यांच्या आधी आली. पुढच्या हंगामात जंगलात एकाही संघाची बेरीज बरोबर नव्हती, आणि तरी प्रत्येक सामना कुणीतरी जिंकतच होतं. पद्धतीचं यश यापेक्षा वेगळं काय असतं?

साळूची धाकटी बहीण तिसरीत होती. एके दिवशी ती पाटी घेऊन रुसून घरी आली. पाटीवर छत्तीस आणि सव्वीस मांडलेले होते. खाली उत्तर बासष्ट. त्यावर बाईंची मोठी फुली.

"ताई, बासष्टच होतात ना गं?"

साळूने पाटी हातात घेतली. फुलीवरून पंजा फिरवला. तिला खूप काही सांगायचं होतं. पण बहिणीला अजून सात वर्षं त्याच शाळेत काढायची होती.

"होतात," ती म्हणाली. "पण घरी होतात. शाळेत बावन्न."

तात्पर्य: गणित मन लावून करावं आणि हातचा कधीही विसरू नये, असं मी सांगणार होतो. पण तुमचे पेपर कोण तपासणार, ते मला माहीत नाही. तेव्हा एवढंच लिहून घ्या. जिंकणाऱ्याच्या चुकीला पद्धत म्हणतात आणि हरणाऱ्याच्या बरोबर उत्तराला सबब म्हणतात. म्हणून शहाण्या मुलाने बेरीज नेहमी निकाल लागल्यावर करावी.